गोळीच्या शोधात निघालेलं यंत्र

आपल्याकडे गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागतो, अशी समजूत होती. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीखालचं दिसतं, डोळ्यांत अंजन घातलं की हंडा कुठे पुरलाय ते तो बोट दाखवून सांगतो, असं छातीठोकपणे सांगणारे लोक अजूनही भेटतात. मेटल डिटेक्टर त्या पायाळूचा वारसदार वाटतो खरा, पण त्याची कुळकथा मातीत नाही, माणसाच्या देहात सुरू होते.

2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी पाठीतून शिरली ती आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती आणि डॉक्टर जखमेत न धुतलेली बोटं घालून गोळी चाचपत होते. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला आले. तारेची वेटोळी अशी जुळवायची की कानाला लावलेला टेलिफोन गप्प राहील. धातू जवळ आला की तो तोल बिघडतो आणि कानात आवाज येतो. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात बाळगून फिरणाऱ्या जुन्या सैनिकांवर बेलनी हे करून पाहिलं, ते जमलं. राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत मात्र फसलं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि प्रमुख डॉक्टर ब्लिस ‘गोळी उजवीकडेच आहे’ या मतावर अडून बसले होते, त्यामुळे यंत्र फिरलं ते उजवीकडेच. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. कुठे शोधायचं ते आधीच ठरवून बसलेल्या माणसापुढे यंत्र काय करणार!

पुढची पिढी गेरहार्ड फिशर यांची. जर्मनीतून अमेरिकेत गेलेला हा अभियंता विमानांना रेडिओने दिशा दाखवणाऱ्या उपकरणांवर काम करत होता. ती उपकरणं काही ठिकाणी चुकीची दिशा दाखवत. कारण निघालं आसपासचा धातू, खनिजयुक्त खडक. इतरांना जो दोष वाटला असता त्याचंच त्यांनी यंत्र बनवलं आणि 1937 मध्ये पेटंट मिळवलं. नंतर युद्ध आलं. पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये बसून भूसुरुंग शोधणारं, एका सैनिकाला उचलता येईल असं यंत्र तयार केलं, पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं आणि 1942 मध्ये अल अलामीनच्या वाळूत त्याने रस्ते मोकळे केले. युद्ध संपल्यावर सैन्याने नको असलेली यंत्रं विकायला काढली. ती घेऊन लोक शेतांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर हिंडू लागले. छंदाचा जन्म हा असा, लष्करी भंगारातून.

यंत्राला कळतं किती, हेही पाहायला हवं. खालच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत वीत-दीड वीत उतरतं, धातूत बारीक प्रवाह उठवतं आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद वर येतो. तो किती उशिरा आला यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. गंमत अशी की सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे बरेचदा सारखेच येतात. लोखंडाच्या खिळ्यांना कंटाळून लोक लोखंडाचा आवाजच बंद करतात. मग भाल्याचं पातंही पायाखालून निघून जातं. म्हणजे यंत्र ‘काहीतरी आहे’ एवढंच म्हणतं. काय आहे, कुणाचं, कधीचं, हे त्या वस्तूपेक्षा ती कुठे, कशाशेजारी पडली होती यावर ठरतं.

याचा सगळ्यात देखणा पुरावा जर्मनीत ओस्नाब्रुकजवळच्या काल्क्रीझ इथे मिळाला. टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला 1987 मध्ये तिथे रोमन चांदीची नाणी सापडली. ती त्याने खिशात न टाकता तिथल्या पुरातत्त्वज्ञांना दाखवली. पुढे शिशाचे गोफणगुंडे मिळाले आणि नाण्यांचा ठेवा नुसता पुरलेला नव्हता, इथे सैन्य होतं, असा संशय आला. उत्खनन झालं, तेव्हा काही तांब्याच्या नाण्यांवर मागाहून ठोकलेली तीन अक्षरं दिसली: व्हॅरस या सुभेदाराच्या नावाची. व्हॅरस तिथे आला इ.स. 7 मध्ये आणि इ.स. 9 मध्ये जर्मन टोळ्यांनी त्याच्या तीन लीजन, म्हणजे रोमन पलटणी, कापून काढल्या, तेव्हा त्याने स्वतःचा जीव घेतला. म्हणजे ती नाणी त्या दोन-अडीच वर्षांतच शिक्का खाऊन शिपायांच्या हाती पडली होती. काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत, पण शतकानुशतकं शोधलेली ती रणभूमी हीच, असं आता बहुतेक मानतात. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारला होता. क्षत्रपाचा पराभव आपण त्या ठशांवरून वाचतो. नाणी विखरून सराफांकडे वितळली असती, तर काय वाचलं असतं?

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात या छंदाची लाट आली आणि पुरातत्त्वज्ञांचं डोकं फिरलं. 1980 मध्ये डिटेक्टरवाल्यांविरुद्ध मोठी मोहीमच निघाली. नॉरफक परगण्यात टोनी ग्रेगरी आणि बार्बरा ग्रीन यांनी मात्र उलट वाट धरली: चोर म्हणण्याऐवजी त्यांना संग्रहालयात बोलवायचं, वस्तू ओळखून द्यायची, जागा नोंदवायची. माझ्या मते या कुळकथेतला खरा शोध हा आहे, वेटोळं नव्हे.

शेजारच्या सफकमध्ये हॉक्सन गावी 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हा निवृत्त माळी शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला यंत्र घेऊन गेला. हातोडीआधी चमचे, दागिने, नाणी निघू लागली. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. म्हणून 14,000 हून अधिक नाण्यांचा तो रोमन ठेवा ज्या लाकडी पेटीत होता, तिचा आकार आणि आत काय कशाखाली रचलं होतं, हेसुद्धा कळलं. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं तरी. त्यात बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची चांदीची मिरीदाणीही होती. रोमनांची मिरी यायची ती आपल्या मलबारातून. हातोडी नंतर सापडली.

1996 मध्ये ब्रिटनमध्ये अशा ठेव्यांबाबत नवा कायदा झाला, त्याच्या अंमलाबरोबर साध्या वस्तू स्वेच्छेने नोंदवण्याची योजना आली. आज त्या नोंदवहीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत: बकलं, बटणं, खोगिराच्या कड्या. आपल्याकडे 1878 चा निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. मार्च 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मुघलांचं सोनं खणायला उतरले, तेव्हा तो कायदा कुणाला आठवला असेल, असं वाटत नाही.

कायदा ठाऊक असूनही चोरी होतेच. 2015 मध्ये इंग्लंडात व्हायकिंग काळातले दोन ठेवे निघाले. हेरफर्डशरमध्ये दोघा डिटेक्टरवाल्यांनी सुमारे तीनशे नाण्यांचा ठेवा लपवून विकायला काढला. 2019 मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, पण बहुतेक नाणी परत मिळाली नाहीत. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनला मिळालेला ठेवा मात्र मातीच्या ढेकळासकट उचलून प्रयोगशाळेत नेता आला, कारण शोधणाऱ्याने वेळीच कळवलं. दोन्हींत एकाच प्रकारचं दुर्मीळ नाणं होतं: मागे शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट, आणि पुढच्या बाजूला काहींवर वेसेक्सच्या आल्फ्रेडचं नाव, काहींवर मर्सियाच्या केओलवुल्फचं. वेसेक्सच्या बखरकारांनी केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं ठरवून बाजूला सारलं होतं. नाण्यांवर मात्र तो आल्फ्रेडचा बरोबरीचा दोस्त दिसतो. वॉटलिंग्टनला अशी डझनभर नाणी मिळाली. हेरफर्डशरच्या गायब नाण्यांत आणखी किती आहेत, ते ज्याच्या कपाटात ती आहेत त्यालाच माहीत.