पळ्ळी आणि नाखवा

मल्याळम भाषेत मशिदीला ‘पळ्ळी’ म्हणतात. चर्चलाही पळ्ळीच. कोचीतल्या ज्यूंचे प्रार्थनास्थळ, तेही पळ्ळी. मुळात हा शब्द बौद्ध-जैनांच्या विहाराचा. विहारात मुले अक्षरे गिरवीत, म्हणून केरळात आणि तमिळनाडूत शाळा आजही ‘पळ्ळिक्कूडम’ असते. पुढे समुद्रावरून नवे धर्म आले, तेव्हा त्यांच्या देवघरांना तिथल्या लोकांनी घरात होता तोच शब्द दिला. पाहुण्याला ओसरीवर बसवणारे पुष्कळ. आपल्या देवघराचे नाव त्याच्या देवघराला देणारे थोडे.

कोळिकोडला कुट्टिचिरा तळ्याकाठी अशी एक पळ्ळी आहे, मिश्काल पळ्ळी. चार मजली, उतरत्या छपरांची, जवळजवळ सगळी लाकडी. घुमट नाही, मिनार नाही. नवख्याला लांबून ती केरळातले देऊळच वाटावी. चौदाव्या शतकात ती बांधली नाखुदा मिस्काल या श्रीमंत जहाजमालकाने. ‘मिस्काल’ हे अरबांचे सोने तोलायचे वजन, सुमारे सव्वाचार ग्रॅमचे. आणि ‘नाखुदा’? तो तर आपल्या ओळखीचा. फारसीत ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘खुदा’ म्हणजे धनी, म्हणून नाखुदा म्हणजे नावेचा धनी. यातली ‘नाव’ आणि मराठी ‘नाव’ एकाच जुन्या मुळाच्या. कोकण किनाऱ्यावर नाखुदाचा ‘नाखवा’ झाला. कोळीवाड्यात होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात, त्या शब्दात ‘खुदा’ आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शब्द इतका मुरला, की तो कुणाचा हे विचारायचे कारणच उरले नाही.

3 जानेवारी 1510 रोजी अल्बुकर्कच्या पोर्तुगीज सैन्याने कोळिकोडवर हल्ला केला आणि ही पळ्ळी पेटवली. जळल्याच्या खुणा वरच्या मजल्यावर अजून दाखवतात. 1531 मध्ये पोर्तुगीजांनी जवळच्या चालियमला किल्ला बांधला, तोही तिथली मशीद पाडून. कोळिकोडचा राजा सामुतिरी हिंदू. त्याच्या सैन्यात नायर आणि माप्पिळा मुसलमान खांद्याला खांदा लावून लढले. 1571 मध्ये त्यांनी किल्ला जिंकून जमीनदोस्त केला. त्या विजयावर काझी मुहम्मद यांनी अरबीत काव्य रचले आणि ते अर्पण केले हिंदू राजाला.

पाडलेल्या किल्ल्याचे लाकूड सामुतिरीने कोळिकोडला आणवले. मिश्काल पळ्ळीची डागडुजी त्याच लाकडाने झाली, असे तिथले लोक सांगतात.