सेविया फुटबॉल क्लब : क्रीडा संचालकपदाची बदली

क्लबसाठी खेळाडू हेरणे, त्यांची खरेदी-विक्री आणि प्रशिक्षकाची निवड ही क्रीडा संचालकाची कामे. तो निघून गेला की काय होते, हे स्पेनच्या सेवियाने दोनदा अनुभवले.

रामोन रोद्रिगेस वेर्देहो ऊर्फ मोन्ची हे या क्लबचे माजी गोलरक्षक. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा, 2000 मध्ये, त्यांच्याकडे हे पद आले. फारसे नाव नसलेले खेळाडू घ्यायचे, घडवायचे आणि चढ्या भावाने विकायचे ही त्यांची रीत. ब्राझीलमधून आणलेला दानी आल्वेस 2008 मध्ये बार्सिलोनाला गेला. त्यांच्या या कार्यकाळात यूएफा चषक दोनदा आणि त्याचेच पुढचे रूप असलेली युरोपा लीग सलग तीनदा (2014–16) सेवियात आली.

2017 मध्ये मोन्ची इटलीतील रोमाला गेले. त्यांच्या जागी ऑस्कर आरिआस आले खरे, पण एप्रिल 2018 मध्येच त्यांना नारळ मिळाला. खेळाडू शोधणाऱ्यांचे जाळे वारशाने मिळते, पारख मिळत नाही. गंमत अशी की रोमात मोन्चींचेही बस्तान बसले नाही. मार्च 2019 मध्ये ते सेवियाला परतले.

2023 मध्ये सेवियाने (यूएफा चषक धरून) सातव्यांदा युरोपा लीग जिंकली आणि मोन्ची ॲस्टन व्हिलाकडे गेले. या वेळी क्लबने त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या व्हिक्टर ओर्तांना आणले. पैशांची चणचण होती. 2024–25 च्या हंगामात संघ सतराव्या स्थानी, म्हणजे घसरणीच्या अगदी काठावर राहिला. ओर्ता गेले आणि अंतोनिओ कोर्दोन यांची नेमणूक झाली.