दूधबाटली : अंगावर पिणाऱ्या नवजात बाळासाठी निवड (कोपरगाव परिसर)

दूधबाटली म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजण्यासाठी वापरली जाणारी, तोंडाशी रबरी किंवा सिलिकॉनचे निपल बसवलेली काचेची, प्लॅस्टिकची अथवा स्टीलची बाटली. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. या काळात बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरे काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारत सरकारची शिफारस आहे. त्यामुळे बहुतेक घरांत नवजात बाळासाठी बाटलीची गरजच पडत नाही. जिथे पडते तिथे प्रवाहाचा वेग, बाटलीचा पदार्थ आणि ती रोज उकळून घेता येण्याची सोय या तीन गोष्टींवर निवड मुख्यतः ठरते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावसारख्या पाण्याची ओढ असलेल्या गावात तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार ठरतो.

बाटलीची गरज केव्हा : आई आजारी किंवा अतिदक्षता विभागात असणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढून पिता न येणे, जुळी मुले, स्तनाग्रांना भेगा पडणे, आईला लवकर कामावर रुजू व्हावे लागणे ही नेहमीची कारणे. दुभंगलेले ओठ किंवा टाळू असलेल्या बाळाला दाबून दूध देता येईल अशी खास बाटली लागते. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, परंतु तिचे उत्तर बाटलीत क्वचितच असते. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलि., दुसऱ्या दिवशी ५ ते १५ मिलि., तर तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिलि. दूध घेते. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध थोडेच येते आणि बाळाला तेवढेच हवे असते. बाळाचे वजन वाढत असेल आणि पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध येते. एक वेळ बाटली दिली आणि त्या वेळचे दूध पिळून काढले नाही, तर शरीर तेवढी मागणी घटली असे धरून चालते. शिवाय अंगावर पिताना बाळाला जबडा आणि जीभ दोन्ही चालवावी लागतात आणि पान्हा सुटायला थोडा वेळ जातो. बाटलीचे दूध मात्र तोंड लावताच येते आणि एकसारखे येत राहते. या सवयीने काही बाळे छातीशी अधीर होतात, रडतात, तोंड फिरवतात. हे प्रत्येक बाळाच्या बाबतीत घडत नाही. तरीही स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, बाटली लांब ठेवावी असा सल्ला दिला जातो. स्तनपानाला प्रोत्साहन देणाऱ्या ‘बेबी फ्रेंडली’ रुग्णालयांसाठीच्या दहा पायऱ्यांपैकी नववी पायरी १९८९ च्या मूळ आवृत्तीत कृत्रिम निपल देऊच नये अशी होती. २०१८ च्या सुधारणेत तिचे रूप बदलले आणि बाटली, निपल व चोखणी यांचे धोके आईला समजावून सांगावेत असे म्हटले गेले.

इतिहास : महाराष्ट्रातील घरांत तान्ह्या बाळाला वरचे दूध किंवा गुटी पाजायला बोंडले वापरत. चांदीचे, पितळेचे, पुढे स्टीलचे असे हे लहान भांडे. त्याला एका बाजूला निमुळती पन्हळ असते. दक्षिण भारतात त्यालाच पालाडाई आणि बंगालमध्ये झिनुक म्हणतात. कापसाच्या बोळ्यानेही दूध पाजत. ती पद्धत जंतुसंसर्गाच्या दृष्टीने घातक आहे. युरोप-अमेरिकेत रबरी निपलचे पहिले पेटंट १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांना मिळाले. एकोणिसाव्या शतकात लांब रबरी नळीच्या बाटल्या खपत. नळी आतून धुताच येत नसल्याने तिथे जंतू वाढत आणि असंख्य बाळे दगावली. धुता न येणारा प्रत्येक सांधा जंतूंचे घर असतो, हा बाटलीच्या रचनेतला धडा तिथूनच मिळाला. डबाबंद दूध आणि बाटलीच्या प्रसारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंवर सिसली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३९ मध्ये सिंगापूरमध्ये जाहीर टीका केली. पुढे १९७० च्या दशकात या प्रश्नावर जगभर चळवळ उभी राहिली आणि २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधीची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली.

महाराष्ट्रात स्तनपानाच्या विषयावर भरीव काम झाले आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाली.

कायदा व मानके : ‘अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार’ यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९९२ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याने दूधबाटलीची जाहिरात करण्यास मनाई आहे. विक्री वाढवण्यासाठी आईला नमुने किंवा भेटवस्तू देणे, त्यासाठी तिच्याशी संपर्क साधणे यांवरही बंदी आहे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसलेली बाटली विकता येत नाही. उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याच्या व्याख्येत बाटलीबरोबर तिचे निपल आणि झडपही येते. प्लॅस्टिकच्या बाटलीसाठी आयएस १४६२५ आणि काचेच्या बाटलीसाठी आयएस ५१६८ हे मानक आहे. आयएस १४६२५ च्या २०१५ च्या आवृत्तीने पॉलिकार्बोनेटची बाटली बाद केली, कारण त्यातून बिस्फेनॉल-ए हे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे रसायन दुधात उतरते. युरोपीय संघाने २०११ मध्ये, तर अमेरिकेने २०१२ मध्ये अशा बाटल्यांत त्याचा वापर थांबवला.

जाहिरात बंद असल्याने ग्राहकाला माहिती मिळते ती मेडिकल दुकानदाराकडून किंवा नात्यागोत्यातून. म्हणून वेष्टनावर मानक चिन्ह आणि आयएस क्रमांक पाहणे हीच पहिली पारख. आठवडे बाजारात किंवा खेळण्यांच्या गाड्यावर मिळणाऱ्या, चिन्ह नसलेल्या रंगीत बाटल्या घेऊ नयेत, मग त्या कितीही स्वस्त असोत.

निवडीचे निकष : (१) आकारमान : महिन्याभरानंतर आईचे दूध पिणारे बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलि.च्या आसपास दूध घेते आणि सहा महिन्यांपर्यंत हे प्रमाण फारसे बदलत नाही. त्यामुळे एका वेळच्या दुधासाठी १२० ते १५० मिलि.ची बाटली पुरते, २५० मिलि.च्या बाटलीमुळे ती भरून पाजण्याचा मोह होतो. पहिल्या महिन्यात दोन बाटल्यांहून अधिक घेऊ नयेत, कारण बाळ कोणते निपल स्वीकारील हे आधी सांगता येत नाही.

(२) प्रवाह : निपल सर्वांत कमी प्रवाहाचे, ‘न्यूबॉर्न’ किंवा ‘स्लो फ्लो’ असे लिहिलेले घ्यावे. कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून घरी तपासावे. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडले पाहिजे. धार लागली तर ते निपल नवजात बाळासाठी नको. भूक भागत नाही म्हणून सुईने भोक मोठे करण्याची पद्धत टाळावी. त्याने दूध श्वासनलिकेत जाऊ शकते.

(३) निपलचा आकार : तळाशी रुंद आणि टोकाकडे हळूहळू निमुळते होणारे निपल बाळाला तोंड मोठे उघडून धरायला लावते. आखूड टोकाच्या, एकदम बारीक होणाऱ्या निपलवर ओठ मिटून चोखण्याची सवय लागते, आणि हीच सवय अंगावर पिताना स्तनाग्रांना इजा करते. सिलिकॉन उकळण्यास टिकाऊ. रबर मऊ पण लवकर चिकट होते. चिकट, फुगलेले किंवा चिरलेले निपल लगेच टाकावे.

(४) पदार्थ : काच उकळायला उत्तम, तिला वास लागत नाही व ओरखडे पडत नाहीत, पण ती जड आणि फुटणारी. पॉलिप्रॉपिलीन हलके व स्वस्त. तळाच्या त्रिकोणात ‘५’ हा आकडा असतो. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की अशा बाटलीत गरम द्रव घातल्यास प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण मोठ्या संख्येने सुटतात आणि तापमानाबरोबर ते वाढतात. म्हणून उकळलेली बाटली निवल्यावरच तिच्यात कोमट दूध ओतावे. स्टीलची बाटली टिकाऊ, पण आतले दूध व मळ दिसत नाही.

(५) रचना : रुंद तोंड, गुळगुळीत आतील भिंत आणि कमीत कमी भाग. पोटात वारा धरू नये म्हणून विकल्या जाणाऱ्या झडपा व नळ्यांच्या उपयोगाचा पुरावा तुटपुंजा आहे. धुण्याचे काम मात्र त्या नक्की वाढवतात.

पाजण्याची रीत : बाळाला बऱ्यापैकी उभे धरून बाटली जवळजवळ आडवी ठेवावी. निपल ओठांना लावून बाळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. चार-पाच घोटांनंतर बाटली किंचित खाली करून विश्रांती द्यावी. अंगावर पितानाही बाळ असेच थांबत थांबत पिते. बाळाने तोंड फिरवले की उरलेले दूध संपवण्याचा आग्रह धरू नये. उशीचा टेकू देऊन बाटली तोंडात ठेवणे धोक्याचे आहे. पिळून काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसला चार तास टिकते. उन्हाळ्यात कोपरगावचा पारा चाळिशी गाठतो. तेव्हा ते लगेच शीतकपाटात ठेवावे किंवा ताजेच पाजावे.

कोपरगावची परिस्थिती : गोदावरीकाठचे हे तालुक्याचे गाव साखर आणि दूध यांसाठी ओळखले जाते. तालुक्यात सहकारी साखर कारखाने आहेत आणि गोदावरी खोरे दूध संघामुळे घरोघरी संकरित गाई आल्या आहेत. पिण्याचे पाणी मात्र कालव्याच्या आवर्तनांवर आणि येसगावच्या साठवण तलावांवर अवलंबून असते. शहराला अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. अशा घरात पाणी पिंपांत साठवावे लागते. एका बाजूला वरचे दूध गोठ्यातच हजर आणि दुसऱ्या बाजूला बाटली धुण्याचे पाणी मोजके, असा हा पेच आहे. गाईच्या दुधात प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपण्यापेक्षा जास्त आणि लोह फार कमी असते. पाणी घालून ते पातळ केले तरी दोष जात नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत ते बाळाचे मुख्य अन्न होऊ नये.

बाटली प्रत्येक वापरानंतर लगेच सुटी करून साबण आणि ब्रशने धुवावी. मग पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, दहा मिनिटे उकळावी. निपलसाठी उत्पादकाने सांगितलेली वेळ पाळावी. दिवसातून आठ वेळा बाटली द्यायची, तर हे सर्व आठ वेळा. साठवलेल्या पाण्यातून ओगराळ्याने किंवा नळाने पाणी घ्यावे, हात बुडवू नये. बोअरच्या जड पाण्याने निपलवर पांढरा थर बसतो. लिंबाच्या पाण्यात भिजवून तो काढता येतो. एवढे पाणी, इंधन आणि वेळ नसेल तर बाटली न घेणेच शहाणपणाचे.

गळीत हंगामात बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोड कुटुंबे येथील कारखान्यांवर येतात. कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत) राहणाऱ्या, उसाच्या फडाच्या कडेला झोळीत बाळ ठेवून तोडीला जाणाऱ्या ओल्या बाळंतिणीला बाटली सर्वांत अडचणीची आणि बाळाला सर्वांत धोक्याची. भरपगारी २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेची २०१७ ची तरतूद तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्यासाठी कामातून थांबून अंगावर पाजण्याची सवलत हीच खरी मदत ठरते.

पर्याय : पिळून काढलेले दूध पाजायला वाटी-चमचा, लहान पेला किंवा बोंडले पुरेसे असते. हात साबणाने धुवून, अंगठा व तर्जनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या मागे ठेवून, छातीकडे दाबत व सोडत दूध उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढता येते. पेला बाळाच्या खालच्या ओठाला टेकवावा आणि त्याला स्वतः जिभेने दूध घेऊ द्यावे; तोंडात ओतू नये. बोंडल्याने पाजताना थोडे थोडे दूध गालाच्या बाजूने सोडून प्रत्येक घोट गिळला जाईपर्यंत थांबावे. या भांड्यांना निपल नाही, झडप नाही, लपलेला कोपरा नाही. तांब्याभर पाण्यात ती उकळतात. सुरुवातीला थोडे दूध सांडते आणि वेळ अधिक लागतो, पण आई पुन्हा जवळ आली की बाळाला अंगावर घेणे सोपे जाते. पाजण्यात अडचण आली, बाळ सुस्त झाले किंवा लघवी कमी झाली, तर दुकानात दुसरी बाटली शोधण्याआधी आशा सेविकेला किंवा ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला बाळाची छातीवरची पकड दाखवावी. दूध कमी पडण्याचे कारण बहुतेकदा त्या पकडीत सापडते.