महाबळेश्वरचा 'सीझन' आणि त्याबाहेरचे महाबळेश्वर

ग्रीसच्या बेटांवर ऑक्टोबर सरला की हॉटेलांची दारे मिटतात, बोटींच्या फेऱ्या घटतात आणि गाव पुन्हा गावकऱ्यांचे होते. सातारा जिल्ह्यात हेच चक्र पावसाळ्याभोवती फिरते. त्याचा हा लहानसा इतिहास.

१८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून हे पठार मागून घेतले. मोबदल्यात वाई प्रांतातील खंडाळा गाव साताऱ्याला मिळाले. नव्या वसाहतीला नाव पडले माल्कम पेठ. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे शिवालय आणि कृष्णेचे उगमस्थान, येथून काही किलोमीटरवर कित्येक शतके नांदत होते. तेथे येणारा यात्रेकरू पंचांग पाहून येई, थर्मामीटर पाहून नव्हे.

'सीझन' ही कल्पना आली ती माल्कम पेठेबरोबर. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभार डोंगरावर चढे, पावसाळ्यात तो पुण्यास उतरे. जूनच्या मध्यापूर्वी बंगले रिकामे होत. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भिंती वाचवायच्या म्हणून घरांना गवताच्या जाड झडी बांधल्या जात. साऱ्या घराने इरले पांघरावे तसा तो प्रकार! पाऊस टाळून बारमाही राहता यावे, या गरजेतूनच पुढे जॉन चेसन यांच्या खटपटीने पाचगणी वसली. अंतर अवघे वीसेक किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी.

मात्र झडी बांधून साहेब उतरला, तरी त्या बांधणारे वरच राहत. कुळवाडी, धनगर आणि डोंगरातले खनिज गाळून लोखंड काढणारे धावड यांना ऑफ-सीझन असा काही नव्हताच. धावडांच्या भट्टीला कोळसा लागे. इंग्रजांच्या जंगल-नियमांनी कोळसा पाडणे अडवले आणि तो धंदा बुडाला. पाहुण्यांसाठी सावली राखायची तर कोणाची तरी चूल विझणार, हा हिशेब तेव्हाच्या कागदांत 'वनरक्षण' या सोज्वळ शब्दाखाली झाकला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज पावसाळ्यातही हौशी मंडळी धुके पाहण्यास येतात, आणि खोल्या स्वस्त मिळतात याचा आनंद मानतात. त्यांनी एकदा नदीच्या बाजूनेही विचार करावा. याच पठारावरून कृष्णा, वेण्णा आणि कोयना निघतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास प्रीतिसंगमावर, आणि वारणा सांगलीलगत हरिपूरला. सांगली शहरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात कोसळलेले पाणी तिच्या दारातूनच जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे.

म्हणून सांगलीकर जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरचे आकडे रोज पाहतो. बाजारपेठेतला दुकानदार तळमजल्यावरचा माल माडीवर चढवायचा की नाही, हे त्या आकड्यांवर आणि कोयनेच्या विसर्गावर ठरवतो. पर्यटनाच्या पत्रिकेत हेच महिने 'मंदी' म्हणून छापले जातात.