अमळनेरचे ‘छात्रालय’ : एका हस्तलिखित दैनिकाचा इतिहास



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात लढाया, तह आणि दरबार उभे राहतात. मी आज जो इतिहास सांगणार आहे त्यात राजा नाही आणि सेनापतीही नाही. त्यात तालुक्याच्या गावचे एक हायस्कूल आहे, त्या हायस्कूलचे वसतिगृह आहे, आणि त्या वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून काढलेले एक दैनिक आहे. गाव अमळनेर, काळ १९२४ ते १९३० आणि दैनिकाचे नाव ‘छात्रालय’.

अमळनेर हे खानदेशातले, बोरी नदीच्या काठचे गाव. सखाराम महाराजांमुळे वारकऱ्यांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. आसपास कापसाचा मुलूख, सुरत-भुसावळ रेल्वेचा रस्ता, त्यामुळे तेथे कापडाची गिरणी उभी राहिली. श्रीमंत प्रतापशेठ हे त्या गिरणीचे मालक. त्यांच्या औदार्याने गावाला विद्येचेही वैभव लाभले. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, हायस्कूलला त्यांचे नाव मिळाले आणि पुढे १९४५ साली प्रताप कॉलेज निघाले. एका बाजूस गिरणीचा भोंगा आणि दुसऱ्या बाजूस शाळेची घंटा, असे हे गाव होते. या दोन आवाजांचा संबंध काय, हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातल्या पालगडचा एक तरुण १९२३ साली तत्त्वज्ञान मंदिरात आला. ग्रंथांच्या त्या शांत वातावरणात त्याचे मन फार काळ रमले नाही. १९२४ साली तो हायस्कुलात शिक्षक झाला आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. साने सर हळूहळू साने गुरुजी झाले ते याच ठिकाणी.

त्या काळी वसतिगृहाचा अधीक्षक म्हणजे मुलांना धाकात ठेवणारा मनुष्य, अशी समजूत होती. गुरुजींनी निराळा मार्ग धरला. मुलांची विस्कटलेली अंथरुणे ते स्वतः आवरून ठेवीत, खोल्या झाडीत, कपडे धूत, कोणी आजारी पडला तर उशाशी बसत. ओरडून जे साधले नसते ते यामुळे साधले. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द आपण सभांतून पुष्कळ वापरतो. येथे तो शब्द न उच्चारता शिकवला गेला.

याच वसतिगृहासाठी गुरुजींनी ‘छात्रालय’ दैनिक सुरू केले. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. गुरुजी ते स्वतः लिहीत आणि मुले ते वाचीत. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, साहित्यातील गोडी, वसतिगृहातील वागणुकीविषयी दोन शब्द, असा त्याचा मजकूर असे.

आता हे काम किती अवघड आहे याची कल्पना मला माझ्या व्यवसायामुळे आहे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. कारखान्याच्या गेटवरचा फळा मी अनेक वर्षे लिहिला आहे. हातपत्रक छापून वाटणे सोपे, परंतु रोज फळा लिहिणे कठीण. कालचा मजकूर आज चालत नाही. वाचणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो; तो तेथेच उभा राहून ‘हे खोटे आहे’ असे तोंडावर सांगू शकतो. मोठ्या वृत्तपत्राचा संपादक आपल्या वाचकाला कधी पाहत नाही. फळा लिहिणाऱ्याला मात्र वाचकाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. म्हणून तेथे पोकळ शब्द टिकत नाहीत. गुरुजींच्या पुढल्या लेखनात जी थेट भाषा आढळते, समोर कोणी बसले आहे असे समजून बोलण्याची जी रीत आढळते, तिची तालीम या दैनिकात झाली असावी असे मला वाटते.

पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. वसतिगृहाच्या भिंतीआड जे चालले होते ते आता बाहेरच्या मुलांपर्यंत जाऊ लागले. तथापि १९३० साल उजाडले, मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडून त्यात उडी घेतली. सहा वर्षांचा हा अध्याय तेथे संपला.

संपला असे आपण म्हणतो, पण त्यातून काय निघाले ते पाहा. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गुरुजींना दक्षिणेतले सत्याग्रही भेटले आणि तमिळ ‘कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. इतर प्रांतांच्या भाषा आणि संस्कृती आपण शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना अशा सहवासातून वाढली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. त्या पुस्तकात श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. रोज थोडे सांगायचे आणि उद्याची उत्कंठा ठेवायची, ही पद्धत अमळनेरच्या मुलांत राहून आलेल्या शिक्षकाची आहे, हे ध्यानात येण्यास पांडित्य लागत नाही. गुरुजींचे अनेक विद्यार्थीही पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले.

येथवर सारे गोड झाले. परंतु इतिहास सांगणाऱ्याने केवळ आरती ओवाळू नये. त्या वसतिगृहात कोण राहत होते? त्या काळी फी भरल्यावाचून हायस्कूलचे दार उघडत नसे. नादारी मिळे ती थोड्यांना. ज्या गिरणीच्या संपत्तीचा आधार गावाच्या विद्येला होता, त्या गिरणीत राबणाऱ्यांच्या मुलांपैकी कितीजण ‘छात्रालय’ वाचू शकले असतील? मुलींचा तर प्रश्नच नव्हता. दुसरी उणीव अशी की, ते दैनिक एका माणसाच्या लेखणीवर चालले होते. माणूस गेला आणि दैनिक गेले. संघटनेच्या कामात हा अनुभव आम्हांला वारंवार येतो. पुढारी तुरुंगात गेला की कचेरीला कुलूप लागते. ज्या कामाला दुसरा हात तयार झालेला नाही ते काम अपुरे आहे, मग ते कितीही पवित्र असो.

यातली पहिली उणीव स्वतः गुरुजींनाही जाणवली असावी. कारण पुढल्या आयुष्यात ते फीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडे गेले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मांडली आणि गिरणी कामगारांच्या संघटनेत ते शिरले. शाळेच्या घंटेकडून भोंग्याकडे जाणारा रस्ता त्यांनी पायांनी तुडवला. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावले, तोही याच रस्त्याचा पुढला टप्पा होता.

१९५२ साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले. २०२४ साली ते पुन्हा तेथे भरले, आणि त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही त्याच गावी झाले. लहान गावाला हा मान मिळतो त्याचे कारण केवळ देणग्या नव्हेत. ज्या गावात कधी काळी मुलांसाठी कोणी रात्री जागून लिहिले, त्या गावाला शब्दाची चाड राहते.

आपल्यांपैकी काहीजण शाळांच्या समित्यांवर आहेत, पुष्कळजण पालक आहेत. शाळेचे यश म्हटले की आपण निकालाचे शेकडे आणि कपाटातल्या ढाली मोजतो. स्नेहसंमेलनात पाठ केलेली नृत्ये पाहून टाळ्या वाजवतो. त्यास माझा विरोध नाही. पण माझ्याकडे कामाला लागलेली पोरे येतात. मॅट्रिकच्या पुढे शिकलेली असतात, प्रशस्तिपत्रे जवळ असतात, आणि आपल्यावर झालेल्या अन्यायाचा चार ओळींचा अर्ज त्यांना लिहिता येत नाही. ती मुले बुद्धीने कमी नसतात. आपल्या मनातले चार माणसांसमोर मांडण्याची वेळ शाळेने त्यांच्यावर कधी आणलेली नसते, एवढेच.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या गावच्या हायस्कुलात एक फळा मुलांच्या स्वाधीन करावा. त्याला पैसा लागत नाही. अट एवढीच, की शिक्षकाने तो लिहू नये आणि दरमहा लिहिणारे हात बदलावेत. त्यात हमालाचे पोर असावे, मोलकरणीची मुलगी असावी. गुरुजींनी एकट्याने जे केले ते या मुलांनी मिळून करावे. पुढल्या वसंतात मी आलो, तर व्यासपीठावर येण्यापूर्वी तो फळा वाचून येईन.