दिशांचा छाप आणि सरकणारी उत्तर

नकाशा समोर आला की आपण सीमारेषांवर भांडतो, गावांच्या नावांवर भांडतो. कोपऱ्यातल्या छोट्या दिशाचक्राकडे मात्र कुणी बघत नाही. बाण वर आहे म्हणजे उत्तर वर, संपलं. आज आपण त्या चक्राचाच इतिहास बघू, आणि तोही एक घरगुती वस्तू हाताशी धरून: कागदी नकाशावर दिशा उमटवायचं स्टेन्सिल.

आधी ते करूनच टाकू. पातळ कागदाचं एक गोल वर्तुळ कापा. एक घडी घातली की दोन भाग, दुसरीला चार, तिसरीला आठ. उघडा. आपल्या अष्टदिशा तयार. कोनमापक लागला नाही, गणित लागलं नाही. चौथ्या घडीला सोळा भाग, पाचव्या घडीला बत्तीस; पण तिथवर कागद इतका जाड होतो की घडी हटकून वाकडी बसते, तेव्हा शेवटची विभागणी पट्टीने केलेली बरी. मग हा कागद एखाद्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ठेवायचा, रेषांच्या टोकांना आणि बरोबर मध्यावर सुईने टोचायचं. मधलं भोक सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म नकाशावर ठेवून भोकांतून बारीक पेन्सिलीने ठिपके द्यायचे, आणि फिल्म उचलून ते पट्टीने जोडायचे.

आपल्याला हे नवं नाही. उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा कागद किती घरांत कपाटावर गुंडाळून ठेवलेला असतो! त्यावरून रांगोळी फिरवली की ठिपके जमिनीवर. युरोपातले चित्रकार भिंतीवर चित्र उतरवताना हेच करत, फक्त रांगोळीच्या जागी कोळशाची पूड. पुढे जमीन मोजणाऱ्यांनीही नकाशांच्या नकला सुईने टोचून काढल्या.

आता भूमध्य समुद्रातल्या खलाशांकडे जाऊ. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे कातड्यावर काढलेले नकाशे सापडतात. त्यांत एक मोठं वर्तुळ धरलेलं असतं, त्याच्या कडेवर सोळा बिंदू, आणि ते एकमेकांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं. मुख्य आठ दिशा काळ्या किंवा तपकिरी, त्यांच्या मधल्या हिरव्या, त्यांच्याही मधल्या लाल. या रेषांना ते वारे म्हणत. आपण उपदिशांना ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशी देवतांची नावं दिली. त्यांनी ट्रामोंताना, ग्रेको, लेवांते, सिरोको अशी वाऱ्यांची दिली. फुलासारखं सजवलेलं दिशाचक्र आलं ते नंतर, १३७५च्या कातालान अॅटलासमध्ये. म्हणजे फूल दागिना आहे. खरं काम त्या रेषांचं.

इथवर सगळं सोपं आहे. पण स्टेन्सिल हातात घेऊन नकाशावर ठेवायला गेलात की एक अडचण येते. बत्तीस दिशांमधले कोन स्टेन्सिलला पक्के ठाऊक असतात, पण उत्तर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते आपण ठरवायचं असतं.

आणि इथेच जुन्या नकाशांची गंमत आहे. त्या भूमध्य नकाशांवर जिब्राल्टर आणि अलेक्झांड्रिया जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. प्रत्यक्षात अलेक्झांड्रिया सुमारे पाच अंश दक्षिणेला आहे. अख्खा समुद्रच नऊ-दहा अंशांनी घड्याळाच्या उलट दिशेला फिरलेला! बहुतेक अभ्यासक याचं कारण होकायंत्रात शोधतात: सुई त्या काळी तिथे खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला झुकत होती आणि नकाशा सुईबरहुकूम काढला गेला. आमच्या मते खरी नवलाची गोष्ट पुढची आहे. हा तिरकेपणा नकलांमधून शतकानुशतकं चालत राहिला. मूळ नकाशा जितका सुबक उतरवाल, तितकी त्याची चूकही सुबक उतरते.

खलाशांची मात्र यामुळे फार अडचण झाली नाही. नकाशाही सुईचा, जहाजही सुईवर चाललेलं. चूक चुकीला सांभाळून घेई. अडचण झाली ती अटलांटिक ओलांडल्यावर. पेद्रो रेनेल या पोर्तुगीज नकाशाकाराचा १५०४च्या सुमाराचा नकाशा बघा. त्यात अक्षांशांची एक उभी पट्टी आहे, आणि न्यूफाउंडलंडजवळ दुसरी, चक्क तिरकी पट्टी. तिथे सुई पश्चिमेला झुकत होती, किनारा सुईप्रमाणे काढलेला होता, म्हणून त्या भागापुरती खरी उत्तर वेगळी दाखवावी लागली. एका कागदावर दोन उत्तरा! साधारण त्याच काळात न्यूरेम्बर्गचा एर्हार्ड एट्झलाउब रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी नकाशा छापत होता. त्याने तळाशी होकायंत्राचं चित्रच छापलं: आपलं यंत्र त्यावर ठेवा आणि नकाशा फिरवून जुळवा. छापलेलं स्टेन्सिलच म्हणा ना.

बरं, जागेप्रमाणे सुई झुकते हे कळलं. मग प्रत्येक जागेचा झुकाव एकदा मोजून ठेवला की झालं? लंडनमध्ये विल्यम बरोने १५८०मध्ये तो मोजला: पूर्वेला सव्वा अकरा अंशांच्या आसपास. वर्तुळाचे बत्तीस भाग केले की एक भाग बरोबर सव्वा अकरा अंशांचा, म्हणजे सुई एक अख्खं घर सरकलेली. १६२२मध्ये एडमंड गंटरने मोजला तर सहाच अंश भरला. जुनीच मोजणी चुकली असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. १६३४मध्ये हेन्री गेलिब्रँडने पुन्हा मोजला, चार अंश. तेव्हा मान्य करावं लागलं की माणसं चुकलेली नाहीत, उत्तरच सरकते आहे. पुढे ती शून्यावर आली, ओलांडून पश्चिमेला गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोवीस अंशांपर्यंत पोहोचली. बरोच्या काळचं दिशाचक्र घेऊन कुणी तेव्हा दहा किलोमीटर चालला असता तर मुक्कामापासून सहा किलोमीटर दूर निघाला असता.

आपल्या किनाऱ्याचाही यात एक धडा आहे. झुआंव द कास्त्रो, जो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला, १५३८मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना वाटेत जागोजाग झुकाव मोजत आला. नंतर किनाऱ्याने वर जाताना वसईजवळ त्याला दिसलं की थोड्याशा अंतरात सुई वेगवेगळं सांगते आहे. त्याने दोष यंत्राला दिला नाही, खालच्या खडकाला दिला. आपला काळा बेसाल्ट चुंबकीय आहे हे ज्यांनी सह्याद्रीत कातळावर होकायंत्र ठेवून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं, कारण विजेच्या प्रवाहाने सुईची नोंद बिघडली असती. शहराची सोय आणि सुईची शांतता एका ठिकाणी नांदेना.

आता आपल्या स्टेन्सिलकडे. त्याचे दोन थर करा. खालचा खऱ्या उत्तरेचा, नकाशाच्या उभ्या रेषेशी जुळणारा. वरचा सुईचा, मधल्या भोकातून टाचणीवर फिरणारा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समासात चुंबकीय फरक आणि त्याचं वर्ष दिलेलं असतं. पण तो नकाशा जुना असेल तर आजचा फरक वेगळा शोधा. बारावीच्या जुन्या पुस्तकात मुंबईसाठी पश्चिमेला अट्ठावन्न मिनिटं दिली होती, म्हणजे अंशाला जेमतेम कमी. एक अंश म्हणजे दहा किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर. मोकळ्या माळावर काहीच नाही, पण धुक्यात उतरायची घळ चुकायला तेवढं पुरतं. वरचा थर आजच्या फरकाएवढा फिरवा, चिकटवा, आणि त्यावर वर्ष लिहा. आणि दिशा घेताना होकायंत्र कातळावर टेकवू नका, हातात उंच धरा.