नेव्हिल डिसूझा : आपल्याच महाराष्ट्रातला एक विसरलेला फुटबॉलपटू

परवा संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेजारचा एक पोरगा मोबाईलवर १९९८ च्या वर्ल्ड कप फायनलचा जुना व्हिडिओ पाहत होता. फ्रान्सनं ब्राझीलला ३-० नं हरवलं ती मॅच. मला विचारतो, "काका, हा जोरकाएफ फ्रान्सचा हाय म्हन्ते, पन नाव काऊन असं?"

सांगितलं त्याला. युरी जोरकाएफची आई आर्मेनियन वंशाची. त्याच संघातला आलाँ बोगोसियानसुद्धा आर्मेनियन वंशाचा. १९१५ नंतर तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचलेले आर्मेनियन लोक जगभर पांगले, त्यातले बरेच फ्रान्समध्ये स्थिरावले. त्या समाजाची ही दोन पोरं पुढं फ्रान्सची जर्सी घालून जगज्जेती झाली. दोघंही कधीच निवृत्त झाले, पण फ्रान्समध्ये त्यांची नावं अजून घेतात.

पोरगा म्हणाला, "आपल्याकडं कोनीच नसन ना असं?"

होतं बाबा. आपल्याच राज्यात होतं. तिथं बसून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथं लिहितो.

नाव नेव्हिल डिसूझा. जन्म १९३२ चा. घराणं मूळ गोव्याचं, खेळ मुंबईचा. त्या काळी पोटापाण्यासाठी मुंबईत आलेली गोवेकर मंडळी धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहायची. बोटीवर, हॉटेलात, बँडमध्ये कामं करायची आणि वेळ मिळाला की फुटबॉल खेळायची. मुंबईचा फुटबॉल वाढवण्यात या समाजाचा मोठा वाटा आहे.

आता १९५६ ची मेलबर्न ऑलिम्पिक. त्याआधी १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी नवा संघ नेला, कप्तान समर उर्फ बद्रू बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतली आणि आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत. समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

तारीख १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. पुन्हा बरोबरी. पन्नासाव्या मिनिटाला तिसरा गोल, तोही नेव्हिलचाच. चौथा किट्टूनं मारला आणि आपण ४-२ नं जिंकलो. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. तिथंही पहिला गोल आपला, आणि तो मारणारा नेव्हिलच. काही मिनिटं भारत ऑलिम्पिकच्या फायनलच्या वाटेवर होता! मग त्यांनी चार गोल केले. कांस्यपदकाची मॅच बल्गेरियानं ३-० नं घेतली. आपण चौथे. भारतीय फुटबॉलला ऑलिम्पिकमध्ये त्याच्या वर काही आजवर मिळालेलं नाही. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल तिघांच्या नावावर होते, त्यातला एक आपला नेव्हिल.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९५६ साली गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. तो १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. म्हणजे ज्याच्या पूर्वजांचं गाव अजून परक्याच्या राज्यात होतं, तो माणूस भारतासाठी गोल मारत होता.

आता असा खेळाडू तयार कसा झाला, ते बघा. ऑलिम्पिकला तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालायचे आणि आपल्याकडं फुटबॉलवर उघडपणे पोट भरायची सोयही नव्हती. सोय होती ती कंपन्यांच्या संघांची. नेव्हिल टाटा आणि कॅलटेक्सकडून खेळले. कंपनी नोकरी द्यायची, सरावाला सवड द्यायची, महिन्याला पगार द्यायची. १९५८ चा रोव्हर्स कप याच कॅलटेक्सनं जिंकला. पुढं जमाना बदलला. मुंबईचा महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला संघही २०१० ला बंद झाला.

नेव्हिल १९८० साली गेले, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, त्यांना तो मिळाला नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी त्यांचं नाव कधी वाचलं नाही. तुम्ही वाचलं असेल तर सांगा.

हे सगळं खामगावात बसून कशाला लिहितो? मीही दहावीपर्यंत फुटबॉल खेळलो. ठिगळ लावलेला एकच बॉल, वीस पोरं. दहावीनंतर घरचे म्हणाले, खेळून पोट भरते का? त्यांचं चूक नव्हतं. पोट भरायची हमी कोणीच देत नव्हतं. नेव्हिलला ती हमी एका नोकरीनं दिली, म्हणून तो मेलबर्नपर्यंत पोचला.

आपलं गाव कापसाचं, चांदीचं. इथं जिनिंग आहेत, पेढ्या आहेत, कारखाने आहेत, पैसा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मोकळ्या मैदानावर मात्र कधी मंडप, कधी सभा, कधी गिट्टीचा ढीग. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या स्पर्धा खेळून आल्यावर. तिथंवर पोचेपर्यंत पोरानं खेळायचं कुठं आणि कोणाच्या भरवशावर?

माझं मागणं लहान आहे. रोज संध्याकाळी दोन तास एक मैदान पोरांसाठी मोकळं ठेवा. आणि गावातल्या दोन-चार धंदेवाल्यांनी एकेक चांगला खेळणारा पोरगा अर्धवेळ कामावर ठेवून सरावाला सोडावा. पुतळे, चौकांची नावं मागून पाहू.

टपरीवरचा तो पोरगा उठताना म्हणाला, "काका, नेव्हिल डिसूझा, लिहून देता का? नाव शोधतो." बिलाच्या कागदामागं लिहून दिलं.